धनुष्कोडीचे स्थानक समुद्राने बुडवले, हे अर्धसत्य

दर डिसेंबरात एक छायाचित्र फिरू लागते. वाळूत उभ्या असलेल्या पडक्या भिंती, मागे निळा समुद्र, आणि खाली ठरलेले वाक्य : ‘एका रात्रीत समुद्राने गिळलेले स्थानक.’ त्याच धर्तीची जपानी छायाचित्रेही असतात. गवतात हरवलेला फलाट, गंजलेली नामफलकाची पाटी, ‘भूस्खलनाने हिरावलेले स्थानक’, ‘त्सुनामीने पुसलेले स्थानक’. हजारो पसंती मिळतात, कुणी ‘शापित’ म्हणतो, कुणी ‘निसर्गापुढे मानव क्षुद्र’ असे लिहून मोकळा होतो.

हा धागा त्या वाक्याच्या विरोधात आहे. वादळ खोटे नव्हते, लाट खोटी नव्हती, मेलेली माणसे तर मुळीच खोटी नव्हती. खोटा आहे तो त्या वाक्याचा कर्ता. आपत्ती रूळ वाहून नेते, पूल पाडते, इमारत मोडते. मोडलेले पुन्हा बांधायचे नाही, हा निर्णय नंतर माणसे घेतात. तो कागदावर असतो, त्याला तारीख असते, त्यावर सही असते. आपत्तीची तारीख सांगून ही दुसरी तारीख गाळणारा इतिहास लोकप्रिय होतो, पण तो इतिहास नव्हे.

आधी धनुष्कोडी. पांबनचा रेल्वेपूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी खुला झाला आणि हिंदुस्थानच्या टोकाचे हे वाळूचे बेट रुळांनी मुख्य भूमीला जोडले गेले. मद्रासच्या एग्मोर स्थानकातून निघणारी बोट मेल थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाई. तिथे प्रवासी आगबोटीत बसत, पलीकडे तलैमन्नारला उतरत आणि पुन्हा आगगाडीने कोलंबो गाठत. धनुष्कोडीला जकातघर होते, टपाल कचेरी होती, चर्च होते. आजच्या नकाशावर नजर ठेवून वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही अशी एक गोष्ट म्हणजे, पांबनहून निघणारा मोठा मार्ग धनुष्कोडीचा होता आणि रामेश्वरम् हा त्याचा आखूड फाटा होता. देवळाचे गाव फाट्यावर आणि धक्क्याचे गाव मुख्य मार्गावर, कारण रेल्वेला सिलोनची वाहतूक हवी होती.

मराठी वाचकाला हे ठिकाण परके वाटण्याचे कारण नाही. ‘काशी-रामेश्वर’ हा जोडशब्द आपल्या भाषेत यात्रेच्या परमावधीसाठी रुळलेला आहे. काशीची गंगा रामेश्वरावर घालायची, सेतूची वाळू प्रयागला न्यायची, हा परिपाठ. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी लावली, ही कथा न ऐकलेले मराठी मूल विरळा. तंजावरच्या भोसले राजांनी याच वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे उभारली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतले प्रसिद्ध. सेतुस्नान धनुष्कोडीला होते, त्यामुळे रेल्वे आली तेव्हा यात्रेकरूही त्याच मार्गाने गेले.

राजुऱ्याचा संबंध इथे येतो. वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि पलीकडे निजामाच्या संस्थानातला राजुरा, अशी सीमा होती. बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा १९२० च्या दशकाअखेर पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास हा सरळ लोहमार्ग राजुऱ्याच्या अंगणातून गेला. गावाच्या स्थानकाचे नाव राजुरा नसून माणिकगड आहे, तो किल्ला मात्र दूर डोंगरात आहे. चांद्याकडच्या माणसाला रामेश्वराची वाट या पुलावरून, या स्थानकावरून खुली झाली. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत राजुरा हैदराबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. राज्य बदलले, जिल्हा दोनदा बदलला, गाडी त्याच रुळांवरून धावत राहिली.

आता ती रात्र. २२ डिसेंबर १९६४ ची मध्यरात्र, पांबनहून सुटलेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अगदी जवळ पोचली असताना चक्रीवादळाने उठवलेल्या समुद्राच्या लोंढ्यात सापडली. गाडीतले शंभराहून अधिक प्रवासी आणि रेल्वे कर्मचारी, कुणीही वाचले नाही. गाव, धक्का, स्थानक, रूळ, सारे मोडले. भारत आणि सिलोन मिळून मृतांचा आकडा दीड हजाराच्या पुढे गेला. त्या रात्रीविषयी ‘रोमांचक’ हे विशेषण वापरणाऱ्यांनी त्या गाडीतला एक डबा डोळ्यांसमोर आणावा.

इथपर्यंतची हकीकत प्रत्येक ‘भुताच्या गावा’च्या मजकुरात असते. पुढची नसते.

त्याच वादळाने पांबनच्या पुलाचेही कंबरडे मोडले होते. शंभराहून अधिक तुळया समुद्रात गेल्या होत्या. दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांचे लक्ष्य ठेवले, वरिष्ठांनी ते तीन महिन्यांवर आणले आणि बत्तीस वर्षांच्या एका अभियंत्याने ४६ दिवसांत पूल उभा केला. बुडालेल्या तुळया समुद्रातून काढून पुन्हा बसवल्या गेल्या. त्या अभियंत्याचे नाव ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे ज्यांनी उभारली तेच. त्यांचा हा पराक्रम सांगताना कुणी थकत नाही, आणि थकू नयेच. पण एकच वादळ, एकच मार्ग, एकच खाते. पुलाला ४६ दिवस पुरले. पुलापलीकडच्या धनुष्कोडीच्या मार्गाला साठ वर्षे पुरलेली नाहीत. समुद्र दोन्हीकडे सारखाच खवळला होता. मग हा फरक समुद्राने केला काय?

फरक केला तो निर्णयाने. मद्रास सरकारने धनुष्कोडी वस्तीला अयोग्य ठरवले. रामेश्वरम् हा जो फाटा होता, तोच शेवटचे स्थानक झाला. सिलोनची आगबोटही बंद पडली नाही, ती रामेश्वरम्‌हून तलैमन्नारला सुटू लागली आणि १९८० च्या दशकात यादवीपायी थांबेपर्यंत चालली. म्हणजे वाहतूक होती, प्रवासी होते, पूल होता, बोट होती. ज्या कारणासाठी धनुष्कोडीचे स्थानक बांधले होते ते कारण वादळानंतरही दोन दशके जिवंत होते. फक्त ते काही मैल अलीकडे हलवले गेले.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. दोन समुद्रांमधल्या त्या वाळूच्या जिभेवर पुन्हा रूळ टाकणे, पुन्हा माणसे वसवणे शहाणपणाचे होते का? बहुधा नव्हते. सरकारचा निर्णय योग्य असू शकतो. त्या टोकाची भौगोलिक नाजूकता आजही कुणी नाकारत नाही. २०१९ मध्ये रामेश्वरम् ते धनुष्कोडी मार्गाची पायाभरणी झाली, तरी गाडी आजही रामेश्वरम्‌लाच थांबते, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पण निर्णय योग्य आहे म्हणून तो निर्णय नाही, असे होत नाही. उलट, योग्य निर्णयाचे श्रेय आणि अयोग्य निर्णयाचा जाब, दोन्ही माणसांकडेच गेले पाहिजेत. ‘समुद्राने गिळले’ म्हटले की जाब विचारायला कुणी उरत नाही. ज्या कोळी कुटुंबांनी त्या वाळूवर झोपड्या बांधून राहणे सोडले नाही, त्यांना वीज, पाणी, शाळा कुणी आणि का नाकारली, हा प्रश्नही मग समुद्रालाच विचारावा लागतो. आणि ‘अयोग्य’ ठरलेल्या त्याच वाळूवर २०१७ मध्ये अरिचलमुनैपर्यंत पक्का राष्ट्रीय महामार्ग खुला झाला. आज पर्यटक त्या रस्त्याने जातात, पडक्या भिंतींपुढे छायाचित्र काढतात आणि ‘निसर्गापुढे काही चालत नाही’ असे लिहून त्याच डांबरी रस्त्याने परततात.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे दोन्ही तारखा चोख नोंदलेल्या असतात.

होन्शू बेटाच्या ईशान्येला इवाते प्रांतात इवाइझुमी मार्ग होता, मोइची ते इवाइझुमी, ३८.४ किलोमीटर. दाट डोंगर, विरळ वस्ती, दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला चित्र समजावून सांगावे लागणार नाही. या मार्गावरचे ओशिकादो हे स्थानक इतके एकाकी होते की रेल्वेवेडे लोक केवळ तो एकांत पाहायला जात. ३१ जुलै २०१० रोजी दरड कोसळली, गाडी घसरली, काही प्रवासी जखमी झाले, वाहतूक थांबली. आजच्या छायाचित्रांखाली एवढेच असते : ‘दरडीने संपवलेला मार्ग’.

मार्ग संपला १ एप्रिल २०१४ रोजी. मधली पावणेचार वर्षे बदली बस धावत होती आणि कंपनी हिशेब करत होती. दुरुस्तीचा अंदाज सुमारे १३ अब्ज येन निघाला. मार्गावरची सरासरी प्रवासीसंख्या दिवसाला पन्नासाच्याही आत होती. मार्च २०१२ मध्ये कंपनीने पुनर्बांधणी करणार नसल्याचे जाहीर केले, त्यानंतर दोन वर्षांनी मार्ग कागदावरून उतरला. दरड निमित्त होती. तोट्याचा आकडा आधीपासून वहीत होता. सगळ्यांत बोलकी गोष्ट त्यापुढची आहे. ओशिकादोचा जो बोगदा रेल्वेसाठी पुन्हा सुरक्षित करणे परवडत नव्हते, तोच रुंद करून २०२० मध्ये राष्ट्रीय महामार्गाचा बोगदा झाला. डोंगर तोच, पैसा सरकारी तिजोरीतून, फक्त चाके रबराची. धनुष्कोडीचा रस्ता आठवावा.

हे एकटे प्रकरण नाही. क्यूशू बेटावरच्या ताकाचिहो मार्गाचे पूल सप्टेंबर २००५ च्या टायफूनमध्ये वाहून गेले; अखेरचा तुकडा बंद झाला २००८ मध्ये. होक्काइदोच्या हिदाका मार्गाला जानेवारी २०१५ मध्ये उंच लाटांनी झोडपले. ११६ किलोमीटरचा तुकडा रद्द झाला १ एप्रिल २०२१ रोजी. नेमुरो मार्ग ऑगस्ट २०१६ च्या टायफूनमध्ये तुटला. फुरानो-शिंतोकू हा भाग रद्द झाला १ एप्रिल २०२४ रोजी. आपत्ती आणि अंत यांच्यामध्ये तीन, सहा, साडेसात वर्षे. वादळ इतके दिवस चालत नाही.

यामागची यंत्रणा समजून घेतली पाहिजे. जपानची सरकारी रेल्वे १ एप्रिल १९८७ रोजी मोडून कंपन्यांत वाटली गेली. २००० मध्ये कायदा सैल झाला आणि मार्ग बंद करण्यासाठी सरकारची परवानगी मिळवण्याऐवजी आगाऊ सूचना देणे पुरेसे झाले. तरीही धावती गाडी थांबवणे सोपे नसते. गावचे लोक जमतात, महापौर निवेदने देतात, वर्तमानपत्रे अग्रलेख लिहितात. पण गाडी आधीच थांबलेली असेल तर? मग बंद करण्याची क्रिया उरतच नाही, फक्त सुरू न करणे उरते. बदली बसची सवय होते, शाळेत जाणारी मुले मोठी होऊन गाव सोडतात, आणि काही वर्षांनी सांगता येते की मागणीच नव्हती. आपत्ती ही कंपनीला मिळालेली फुकटची पहिली पायरी असते.

११ मार्च २०११ ची त्सुनामी तर या प्रश्नाची प्रयोगशाळाच ठरली. एकाच लाटेने एकाच किनाऱ्यावरचे अनेक मार्ग मोडले. सेंदाई शहराला जोडणारा सेन्सेकी मार्ग उंचावर, आतल्या बाजूला सरकवून मे २०१५ मध्ये पूर्ववत झाला. नोबिरूचे स्थानक नव्या जागी गेले आणि जुने स्मारक म्हणून जपले गेले. अणुअपघाताच्या क्षेत्रातून जाणारा जोबान मार्गही मार्च २०२० मध्ये सलग सुरू झाला. मियाको-कामाइशी हा तुकडा दुरुस्त करून २०१९ मध्ये स्थानिक सानरिकू रेल्वेकडे सोपवला गेला. आणि केसेन्नुमा व ओफुनातो मार्गांच्या किनारपट्टीवरच्या भागात रूळ काढून बससाठी रस्ता केला गेला. रेल्वे म्हणून ते भाग १ एप्रिल २०२० रोजी औपचारिकरीत्या संपले. लाट एक, निकाल चार. राजधानीच्या वाटेवर कोण आहे, मोठ्या शहराच्या जवळ कोण आहे, तोटा कुणी पत्करायला तयार आहे, यावर निकाल ठरला. किरणोत्सर्गातून रूळ परत आणता येतात, मासेमारीच्या गावांत आणता येत नाहीत, हे निसर्गाचे वैशिष्ट्य मानायचे का?

नेमुरो मार्गावरच्या इकुतोरा स्थानकाची कथा तरुण इतिहासप्रेमींनी विशेष ध्यानात ठेवावी. १९९९ च्या ‘पोप्पोया’ या गाजलेल्या चित्रपटात हेच स्थानक एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरचे स्थानक म्हणून दिसले. बंद होऊ घातलेल्या मार्गावर अखेरपर्यंत उभा राहणारा तो माणूस पाहून सारा जपान रडला. चाहते त्या फलाटावर येत राहिले, छायाचित्रे काढत राहिले. मार्ग तरीही रद्द झाला. हळहळ आणि तिकीट या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वहीत फक्त तिकीट लिहिले जाते.

‘हे सारे परदेशी आणि जुने’ असे वाटत असेल तर महाराष्ट्रात यावे. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ पासूनची. २६ जुलै २००५ च्या पावसाने तिचा मार्ग जागोजागी वाहून नेला. ती मार्च २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोडली, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावली. वारसा म्हणून, पर्यटन म्हणून, मुंबईच्या शेजारची म्हणून तिच्यासाठी पैसा निघाला, आणि निघालाच पाहिजे होता. पण त्यातून एवढे सिद्ध होते की वाहून गेलेला डोंगरी मार्ग परत आणता येतो, दोनदाही आणता येतो.

आणि राजुऱ्याचाच मार्ग घ्या. १ सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत तेलंगणात केसमुद्रमजवळ याच दिल्ली-चेन्नई मार्गाखालचा भराव वाहून गेला, रूळ हवेत लोंबकळू लागले. दृश्य भीषण होते. तीन-चार दिवसांत पुन्हा गाडी धावली. त्या जागेला कुणी ‘निसर्गाने गिळलेले स्थानक’ म्हटले नाही, कारण तिथून देशाची मालवाहतूक जाते. उत्तर-दक्षिण मार्ग तुटलेला राहू देण्याची कल्पनाही कुणाच्या मनात येत नाही.

ज्यांच्याकडून मालवाहतूक होत नाही त्यांचे काय, हा प्रश्न या भागात नवा नाही. माणिकगडहून गडचांदूरकडे जाणारा फाटा सिमेंटसाठी आहे. त्याच पट्ट्यातली माणसे बसची वाट पाहतात. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याला वडसा हे एकमेव स्थानक पुरवून स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षे काढली गेली, वडसा-गडचिरोली मार्ग अजून बांधला जातो आहे. इथे आपत्तीचेही निमित्त लागले नाही. जंगल आहे, नद्या आहेत, वस्ती विरळ आहे, एवढे सांगून भागले. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जातो, तालुक्याची वाट अडते, आणि बातमीत कर्ता पुन्हा नदीच असतो. पूल किती उंचीचा बांधायचा हे नदीने ठरवले नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी असे छायाचित्र समोर आले तर तीन गोष्टी शोधाव्यात. आपत्तीची तारीख, बंद झाल्याची तारीख, आणि मधल्या काळात त्याच आपत्तीत मोडलेले दुसरे काय दुरुस्त झाले. धनुष्कोडीसाठी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पांबनच्या पुलावर ४६ दिवसांत लिहिले गेले होते. इवाइझुमीसाठी ते महामार्गाच्या बोगद्यात आहे. ६ एप्रिल २०२५ रोजी पांबनला जुन्याच्या शेजारी नवा पूल सुरू झाला. त्यावरून जाणारी गाडी रामेश्वरम्‌ला थांबते, आणि सेतुस्नानाला निघालेला यात्रेकरू तिथे उतरून धनुष्कोडीची बस विचारतो.